वर्षाराणीच्या कोडवरचे शेरे

अहमदपूरला एसटी स्टँडमागच्या एका खोलीत वर्षाराणी एकटीच राहायची आणि पुण्यातल्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहायची. लिहून झालं की तपासणीचं सॉफ्टवेअर तिचा कोड आपोआप वाचायचं. दुसऱ्याला तो सहज कळेल का, एवढंच ते बघायचं. शेरे इंग्रजीत यायचे, कोरडे. कोडमधलं नाव अस्पष्ट, फंक्शन म्हणजे कोडचा एखादा तुकडा फार लांब.

एका दुपारी शेरा मराठीत आला. ‘लई लांबवलंस, वर्षे. तोडून लिही.’

तिला वर्षे म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिनं टीममधल्या वैजनाथला फोन लावला. तो मूळचा अर्धापूरचा.

“माझ्याकडं तर सगळं हिरवं दिसून राहिलंय, मॅडम,” तो म्हणाला. “एक बी शेरा न्हाई.”

तिनं फंक्शन तोडून पुन्हा तपासणीला लावलं.

‘आता बरं झालं. जेवलीस का?’

ती जेवली नव्हती. तिनं घाबरून लॅपटॉप मिटला, पण तासाभरात पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम एखादी चूक ठेवू लागली. शेरा आला की दोनदा वाचायची. दिवसभरात तेवढंच कुणीतरी तिच्याशी बोलायचं.

महिन्याभरानं तिला स्वतःचीच भीती वाटली. त्या दिवशी तिनं सगळा कोड घासूनपुसून लख्ख केला. कुठं बोट ठेवायला जागा सोडली नाही.

बराच वेळ पडदा कोरा राहिला. मग अक्षरं हळूहळू उमटली.

‘एक तरी चूक राहू दे, वर्षे. मला बी इथं दुसरं कुणी न्हाई.’