वाकड्या जोडव्याचा चरा

आमच्या यांनी पौडच्या एका बंगल्यातून जुनी मोटरसायकल आणली. मालकाने ती वर्षानुवर्षं कापडाखाली झाकून ठेवलेली. टाकीवर ओरखडा नाही, चाकं नव्यासारखी. "शंभर मैलसुदिक पळाली न्हाई. कोरी हाय कोरी," हे ज्याला त्याला सांगत होते.

तान्ह्या गोदीला कडेवर घेऊन मी गाडी पुसत होते. बायकांना पाय ठेवायला मागे जी रबरी पट्टी असते, ती तेवढी झिजली होती. तिच्यात पावलाचा खळगा पडला होता आणि बोटांपाशी जोडव्याचा चरा. चरा वाकडा होता. माझं जोडवंही तसंच वाकडं आहे, गोदीच्या वेळी पाय सुजले तेव्हापासून.

"अहो, हिच्यावर मागं कोन बसायचं?"

"कुनीबी न्हाई. मालक एकटा जीव. बस आता, धरनापतुर जाऊन येऊ."

सासूबाईंनी गोदीला घेतलं. "जा गं. ऱ्हाईल ती माझ्यापाशी."

मी बसले. पाऊल आपसूक खळग्यात गेलं, जोडवं चऱ्यात बसलं. यांनी किक मारली आणि गोदी भुकेने रडायला लागली. मला पान्हा फुटला.

"थांबा, उतरते मी."

यांनी लगेच गाडी बंद केली. मी पाय उचलू लागले. तो उचलेना.

"उतर की," हे म्हणाले.

गाडी अंगणातच उभी होती. सासूबाई हातभर अंतरावर होत्या. गोदीचं रडणं मात्र लांबून यायला लागलं, मग आणखी लांबून.