छोटीची सर्व्हिस

छोटीची सर्व्हिस जाळीत गेली आणि समोरच्या टीमने टाळ्या वाजवल्या.

टिंगलीच्या असत्या तर चाललं असतं. पण टाळ्या अगदी मनापासूनच्या होत्या, बालवाडीतल्या पोराने गाणं म्हटलं की वाजवतात तशा. त्यांच्यातल्या चष्मेवालीने बॉल जाळीखालून तिच्याकडे सरकवला आणि तिथल्या भाषेत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "छान. परत मार."

छोटीने परत मारली. परत जाळीत. परत टाळ्या.

सुट्टीला मावशीकडे परदेशात येऊन तिला आठवडा झाला होता. इमारतीमागच्या कोर्टवर रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल रंगायचा, आणि मावसबहीण तिला रोज न चुकता घेऊन जायची. मावसबहीण सहाच महिन्यांनी मोठी, पण मावशीचा दंडक म्हणून ती ताई आणि ही छोटी. पंधरा वर्षांची घोडी, पण छोटी. तिला एकच हवं होतं. महिनाभर तरी या पोरांनी आपल्याला आपल्यातली धरावं.

त्यासाठी तिने काय नाही केलं? त्यांच्यासारखे मोजे घोट्यापर्यंत दुमडले. त्यांच्या चार शिव्या ताईकडून पाठ करून घेतल्या. कोणी विनोद केला की सगळ्यांबरोबर हसली. पण तिला कळला नसेल असं वाटून ती पोरं तिला विनोद समजावून सांगायची आणि मग खास तिच्यासाठी पुन्हा एकदा हसायची. याहून मोठी शिक्षा तिला माहीत नव्हती.

मघाशी छोटीच्याच टीममधल्या लांब्याचा, त्या उंच पोराचा, बॉल जाळीत गेला, तर सगळी टीम त्याच्यावर तुटून पडली. त्याची नुसती सालटी काढली. तोही हात नाचवत भांडला, आणि पुढच्या बॉलला सगळं विसरून खेळायला लागला. छोटी बघत राहिली. तिला त्याचा हेवा वाटला.

तिकडे मायदेशी, घरच्या भावंडांच्या खेळात चिमी असायची, चार वर्षांची चुलत बहीण. लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य यायचं नाही, ती आऊट व्हायची नाही. नुसती मधून मधून पळायची, आणि ही सगळी मोठी मुलं "वा चिमे" म्हणून आपापल्या खेळाला लागायची. चिमी खूश असायची. तिला काय कळत होतं?

आता चिमीच्या जागी कोण आहे ते लक्षात आलं तेव्हा छोटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ताई, मला असं खेळवू नका म्हणावं त्यांना."

"अगं, आईनेच सांगितलंय सगळ्यांना. पाहुणी आहे, सांभाळून घ्या म्हणून." ताईने केस वर बांधले. "किती चांगले वागतात तुझ्याशी. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

चांगले वागतात. छोटीचं डोकं सणकलं.

आठवडाभर हरत आलेली छोटीची टीम आज पहिल्यांदा बरोबरीला आली होती. ज्याला पुढचा पॉइंट, त्याची मॅच. आणि फिरत फिरत सर्व्हिस छोटीवर आली. लांब्या, ताई, सगळे वाकून तयार उभे राहिले. छोटीने श्वास घेतला, बॉल उडवला आणि अंगातली होती नव्हती तेवढी ताकद लावून मारला.

बॉल जाळीच्या वरच्या पट्टीवर आपटला आणि अलीकडेच पडला.

टाळ्या.

"छान. परत मार," चष्मेवाली म्हणाली.

छोटीने बॉल उचलला. पण ती मागे गेली नाही. जाळीपाशी गेली आणि बॉल तिने चष्मेवालीच्या हातात दिला. "पॉइंट तुमचा."

"नाही, नाही." चष्मेवाली गोड हसली. "तू मार."

"जाळीत गेला. पॉइंट तुमचा. तुम्ही जिंकलात."

मागून लांब्या काहीतरी समजुतीचं बोलला. समोरचेही माना हलवत राहिले, घे गं, घे. छोटीला त्यांच्या भाषेतले शब्द सुचेनात. येत होते तेवढेही पळाले.

"चुकलेय मी," ती मराठीत ओरडली. "माझी चूक धरा ना. ताई, सांग त्यांना."

ताईचा चेहरा लाल झाला. इकडे तिकडे बघत तिने कसंबसं सांगितलं.

समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चष्मेवालीने खांदे उडवले, बॉल काखेत धरला, आणि त्यांच्यातल्या कोणीतरी जिंकल्याची आरोळी ठोकली. पाठोपाठ सगळ्यांनी.

लांब्या तरातरा छोटीसमोर आला. आठवडाभर नुसतं गोड हसलेला तो पोरगा हातवारे करत तिच्यावर बरसला. त्यातलं निम्मं तिला कळलं नाही, पाठ केलेल्यांपैकी दोन शिव्या मात्र बरोबर ओळखू आल्या. मग टीममधले बाकीचेही सुरू झाले. छोटीचे डोळे भरून आले. तरी ती जागची हलली नाही. सगळं ऐकून घेतलं.

घरी परतताना ताई जिन्यात चार पायऱ्या पुढे होती. मागे वळून न बघताच ती म्हणाली, "झालं समाधान? उद्यापासून तुला टीममध्ये घ्यायचं नाही म्हणतायत."

"कोण? लांब्या?"

"सगळेच."

छोटीने बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे आजपर्यंत होते का मी टीममध्ये?"