सुस्वागतम

आलप्पुळ्याच्या कुरियाच्चनने आपल्या हाउसबोटींसाठी वेबसाइट करून घेतली, पण तिच्यावर कुठलंही पान उघडा, 'सुस्वागतम'च यायचं. बोट रद्द करायला आलेल्यालाही सुस्वागतम. खरं तर पानाची मागणी वेबसाइटमधल्या एकाखाली एक लावलेल्या नियमांकडे जाते. ज्या नियमाचं पान असेल त्याने द्यायचं, नसेल तर मागणी खालच्याकडे सोडायची. ही साखळी कुठे अडते, ते वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीतल्या जिस्मीने दिवसभर डोकेफोड करून, डब्यातली मासळी तशीच ठेवून शोधून काढलं.

कुरियाच्चन खूश होऊन तिच्या कोचीच्या ऑफिसात आला. "पोरी, आता बुकिंग होईल ना?"

"होईल काय, धावेल," तिचा टीम लीड सिबीचेट्टन म्हणाला.

"फार त्रास झाला का गं?"

"छे, किरकोळ काम," पुन्हा सिबीचेट्टनच. जिस्मीने उघडलेलं तोंड मिटलं.

"अरे, तिला बोलू दे की. पोरी, नेमकं बिघडलं काय होतं?"



"काही नाही हो," सिबीचेट्टन म्हणाला, "सगळ्यात वरचा होता ना, तोच सगळ्यांना उत्तरं देत सुटला होता. खालच्यांपर्यंत काही पोचूच देत नव्हता."