चित्रांसोबत आलेलं पत्र

दुसऱ्या आवृत्तीवरही तेच नाव होतं. आत येशूजन्माची बारा रंगीत चित्रं आणि मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत, ‘चित्रे : मृत्युंजय हिरेमठ’.

बन्सी पेंटरनं पुस्तक चर्चच्या पाळकसाहेबांपुढं आपटलं.

“ह्यालाच हार घालणार तुमी नाताळात?”

“संडे स्कूलच्या पोरांना बक्षीस हेच पुस्तक देतोय, बन्सी. मग मृत्युंजय सरांना बोलवायला नको?” पाळकसाहेब म्हणाले. “तेरा वर्षं झाली. आता तरी माफ कर. सण कशाचा आहे?”

“त्यानं चारचौघांत नाक घासावं, मग करतो की माफ.”

घाटनांदुरात बन्सीला ओळखत नाही असा माणूस नव्हता. निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात ‘बन्सी आर्ट’. आता कॉम्प्युटरवर कापलेली अक्षरं आली होती, पाट्यांचं काम जवळपास बसलं होतं. राहिलं होतं ते नाव, आणि तेही मृत्युंजयनं पळवलं, ही जळजळ बन्सीच्या छातीतून जात नव्हती.

नाताळात चर्चमध्ये लावायचा बेथलेहेमचा पडदा मात्र अजून त्याच्याकडंच होता. तो आभाळ ओढायचा, डोंगर ओढायचा, वर ‘ख्रिस्तजयंती’ अशी देखणी अक्षरं काढायचा आणि कोपऱ्यात सही ठोकून बाजेवर चहा पीत बसायचा. बारीकसारीक भरायचं काम बायकोचं, मनकर्णाचं. “मूळ बेत महत्त्वाचा,” तो सांगायचा. “बाकी निस्ता रंग.”

तेरा वर्षांपूर्वी असाच पडदा बघून मृत्युंजय सर घरी आले होते. आंबाजोगाईच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. जेवता जेवता त्यांनी विचारलं होतं, “चेहरे कुणाच्या हातचे आहेत हो?”

“माझ्या. आनखी कुणाच्या?” बन्सी म्हणाला होता. मनकर्णा भाकरी वाढत होती. ती वाढून आत गेली.

पुढच्याच महिन्यात घरच्या ट्रंकेतली, बन्सी आपली म्हणून दाखवायचा ती बारा चित्रांची वही गायब झाली आणि वर्षभरात तिचं पुस्तक झालं. मासा गळाला लागतो का ते बघायलाच हा बाबा जेवायला आला होता, हे बन्सीनं तेव्हाच ताडलं. भर बाजारात त्यानं सरांची गचांडी धरली, आईबहिणीचा उद्धार केला. सर खाली मान घालून उभे राहिले. पोलिसात गेले नाहीत की उलटून बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, “मनकर्णाबाई बऱ्या आहेत ना?”

चोर तो चोर, वर हा शहाजोगपणा! ते वाक्य बन्सीला शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं होतं.

यंदा त्याला तोड सापडली. आंबाजोगाईत बसस्टँडजवळ रुचिका नावाच्या मुलीनं इंटरनेटचं दुकान काढलं होतं. पुण्याच्या प्रकाशकाचा ईमेलचा पत्ता नव्या आवृत्तीवर छापलेला होता. बन्सीनं सांगितलं आणि रुचिकानं इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर टाइप केला : ही चित्रं तुम्हाला कुणी दिली, याचा पुरावा पाठवा, नाहीतर कोर्टात भेटू.

“लिवू का खरंच?” त्यानं आधी मनकर्णाला विचारलं होतं. उगीच आपलं विचारायचं म्हणून.

“लिवा की,” ती म्हणाली. “लई वर्षं झाली. खरं काय ते कळू द्या लोकान्ला.”

चोवीस तारखेला सकाळी रुचिकाचा फोन शेजारच्या किराणा दुकानात आला. उत्तर आलंय. बन्सीनं पाळकसाहेबांना जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं.

“तुमी सोता बगा. मंग उद्या हार कुणाच्या गळ्यात घालायचा ते ठरवा.”

मनकर्णाही निघाली. ठेवणीतली साडी नेसून. तिला कशाला यायचं होतं कोण जाणे, पण बन्सीला बरंच वाटलं. आपला विजय बायकोनंही बघावा.

दुकानात तिघांना तीन खुर्च्या मिळाल्या. रुचिकानं ईमेल वाचला. चित्रांसोबत आलेलं मूळ पत्र कचेरीत जपून ठेवलंय, त्याचा फोटो जोडत आहोत, एवढंच प्रकाशकानं लिहिलं होतं.

“मोठ्यानं वाच, बाई,” बन्सी म्हणाला. “साहेबान्ला ऐकू जाऊ दे.”

पडद्यावर पत्र वरून खाली उतरू लागलं. एक ओळ दिसायची, मग मशीन दम खायचं. रुचिका दिसेल तसं वाचत गेली.

“‘सोबत बारा चित्रं आहेत. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातची आहेत.’”

“बगा!” बन्सीनं मांडीवर थाप मारली. “कसा बेधडक खोटं लिवतोय. बगा, साहेब.”

“‘पुस्तकावर मृत्युंजय सरांचं नाव घाला. ते नको नको म्हणत होते. मी येशूची शपथ घातली, तेव्हा कबूल झाले.’”

रुचिका अडखळली. पाळकसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. बन्सीचा हात मांडीवरच राहिला.

“वाच ना फुडं,” तो म्हणाला. “थांबलीस कावून?”

“लाइन तुटली, काका. अर्धंच आलंय.”

मनकर्णानं पदर सारखा केला. पडद्याकडं तिनं एकदाही पाहिलं नव्हतं, आताही पाहिलं नाही.

“फुडचं मी सांगते,” ती म्हणाली. “‘त्यांचं नसंल घालायचं तर कुणाचंबी घाला. निस्तं माझ्या नवऱ्याचं घालू नका.’”