दार लोटल्यावर

"घरात बाळावर कुणी हात उगारतं का?" लसीकरणाला येणाऱ्या प्रत्येक आईला मालन सिस्टर विचारत. नवरा शेजारीच उभा, त्यामुळे उत्तर ठरलेलं, "छे, कुणी नाही." म्हणून दवाखान्यात ठरलं, महिनाभर बदल करून बघायचा, आधी बापाला औषधं आणायला पिटाळायचं, मग विचारायचं.

आज पहिलाच दिवस. लसीला आणलेल्या एका पोरीच्या दंडावर काळेनिळे डाग. बापाला पाठवून सिस्टरनी दार लोटलं. मेला मध्येच परतला तर?

प्रश्न ऐकून आईने दाराकडे पाहिलं. "ते लगेच येतील?"

"नाही. घाबरू नकोस, बोल."

तिने पोरीला सिस्टरच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः लांब जाऊन भिंतीला टेकली.

"त्यांना सांगू नका, सिस्टर. मारते ती मीच."