गुंडूचा कान

"हळू बोला. ती ऐकतेय," वसुमती पुस्तकांच्या कपाटाआडून म्हणाली.

"ऐकू दे की. आपण मराठीत बोलतोय," असं म्हणून नरसिंहराव चष्मा पुसू लागले.

चर्च स्ट्रीटवरच्या त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. जिन्याच्या पायरीवर त्यांची नात संहिता मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. वय नऊ. आई कानडी, म्हणून घरी कानडी. शाळेत इंग्रजी. दर शनिवारी कोरमंगलाहून राजाजीनगरला आली की अज्जा-अज्जींशीही कानडीच. मराठी त्या दोघांची आपापसातली. दुखणी, भांडणं, सुनेच्या तक्रारी, सगळं नातीच्या देखत आणि नातीच्या डोक्यावरून. बेंगळूरमध्ये मराठी असली की घराला कुलूप लावावं लागत नाही, असं नरसिंहराव म्हणत.

त्या घरात मराठी आणखी एकालाच कळायची, गुंडूला. तपकिरी कुत्रा, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. वसुमती दुपारभर त्याच्याशी बोलत बसायची आणि संहिता त्याच्या पोटावर डोकं ठेवून पडायची.

दीड महिन्यापूर्वी नरसिंहरावांनी पेपर घ्यायला फाटक उघडलं आणि लावायचं विसरले. गुंडू बसखाली गेला. चाळीस वर्षं ते कारखान्यात तपासनीस होते, दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला. स्वतःची ही एक चूक नातीला सांगायला त्यांची जीभ रेटेना. गुंडूचे पाय दुखतात, म्हणून त्याला प्राण्यांच्या आश्रमात ठेवलंय, असं त्यांनी सांगून टाकलं. तेव्हापासून ती दर शनिवारी विचारायची, "अज्जा, आपण कधी जायचं?"

आज जायचं होतं. आश्रमातल्या यल्लव्वाशी त्यांनी फोनवर सगळं ठरवलं होतं. तिच्याकडे तसाच एक तपकिरी कुत्रा होता. त्याला आंघोळ घालून झाली की ती कळवणार होती. तोवर पुस्तकांची दुकानं.

दुसऱ्या दुकानात संहितानं एक चित्रांचं पुस्तक उचललं.

"अगं, हे मराठी आहे," नरसिंहराव कानडीत म्हणाले आणि त्यांनी ते परत ठेवलं.

तिनं ते पुन्हा उचललं. "अक्षरं हिंदीसारखीच आहेत, अज्जा. मी चित्रं बघेन."

"सरी, सरी. बरं, घे."

तेवढ्यात यल्लव्वाचा फोन आला.

टॅक्सी कनकपुरा रोडला लागली. नात मध्ये, दोघं दोन बाजूंना. नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावरून बोलणं सुरू झालं.

"आणि कानाचं काय?" वसुमतीनं विचारलं. "ह्याचा कान अख्खा असला तर?"

"बरा झाला म्हणायचं. तिथल्या डॉक्टरांनी शिवला."

"कान म्हणजे काय सदऱ्याची बाही आहे शिवायला?"

"नऊ वर्षांची पोर आहे ती. तू बघच. मी ठरवलेलं कधी चुकलंय?"

"फाटक लावायचं ठरवलं होतंत की नव्हतं?"

नरसिंहराव पुन्हा चष्मा पुसू लागले.

"सांगून टाका हो सरळ," वसुमती हळू आवाजात म्हणाली. "फाटक माझ्या हातून उघडं राहिलं म्हणावं."

"आणि मग पुढच्या शनिवारी ती आली नाही तर?"

संहिता मान खाली घालून बसली होती. तिच्या पुस्तकाचं पान मघापासून तेच होतं.

आश्रम म्हणजे मोठं कुंपण घातलेलं शेत होतं. गाड्यातून सुटलेले म्हातारे बैल सावलीला बसले होते. एक आंधळी गाढवीण भिंतीला अंग घासत उभी होती. यल्लव्वा गोठ्यामागून कुत्र्याला घेऊन आली. रंग तोच, अंगलटही तीच. कान मात्र दोन्ही अख्खे.

संहिता चार पावलं अलीकडेच थांबली. "गुंडू, ये," तिनं हाक मारली.

कुत्रा जागचा हलला नाही.

"बारो," यल्लव्वानं कानडीत हाक मारली, तसा तो निमूट पुढे आला.

संहितानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डाव्या कानावरून बोट फिरवलं, शेंड्यापर्यंत. वसुमतीनं नवऱ्याची बाही घट्ट पकडली.

"अज्जा," संहिता म्हणाली, "कान बरा झाला ह्याचा. डॉक्टरांनी शिवला असेल, ना?"

"हो, हो! शिवला तर!" नरसिंहराव एवढ्या मोठ्यानं म्हणाले की गाढविणीनं कान टवकारले.

संहितानं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ तोंड वर काढलं नाही.

"बघितलंस?" बाकावर टेकत नरसिंहराव बायकोला म्हणाले. ताठ बसले होते, जसे कारखान्यात बसायचे. "सांगावंसुद्धा लागलं नाही. आपणच बोलली."

"हो," वसुमती म्हणाली. "आपणच बोलली." ती नातीकडे बघत राहिली.

बिस्किटांचा पुडा टॅक्सीत राहिला होता. तो आणायला नरसिंहराव उठले. येताना गोठ्यामागच्या वाटेनं आले. मनात पुढच्या शनिवारचा बेत चालला होता. आधी पुस्तकं, मग इडली, मग इथे. दर शनिवारी आणायचं तिला.

गोठ्याच्या भिंतीपलीकडून मराठी ऐकू आलं. आधी त्यांना वाटलं, वसुमतीच बोलतेय. तसाच हेल, तसेच शब्द. पण वसुमती तर समोर दूर बाकावर एकटी बसली होती.

ते तिथेच थांबले. पुडा हातातच राहिला.

"तुझं खरं नाव मला माहीत नाही," संहिता कुत्र्याच्या अख्ख्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती. "पण आजोबा आले की शेपूट हलव हं, स्वल्प. फाटक उघडं राहिलं ना, तेव्हापासून ते मला घाबरतात."