राणीचा नारळ

"इथूनच फेका मॅडम, फोटो छान येईल," धक्क्यावर रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला.

तिने मुकुट सावरत हातातल्या सोनेरी नारळाकडे पाहिलं. रिसॉर्टने बेटावर भरवलेल्या कोळी महोत्सवाची राणी म्हणून नारळी पौर्णिमेचा नारळ सोडायचा मान पहिल्यांदाच एका बाईला मिळाला होता. त्यावरून बापाने अबोला धरला होता. "देवाचं काम तमाशाला इकलंस," एवढंच तो म्हणाला होता. आताही तो समोरच आपल्या होडीत पाठ फिरवून बसला होता.

"दर्याला नारळ फेकत नाहीत, साहेब. हातात देतात."

असं म्हणत ती धक्क्याच्या पायऱ्या उतरली. जरीचं लुगडं भिजलं, पाणी कमरेला लागलं. नारळ कपाळाला लावून तिने अलगद लाटेवर ठेवला. बापाने मान वळवून पाहिलं.

"अहो, मुकुट पडेल पाण्यात! काढा तो!" मॅनेजर ओरडला.

तिचा हात डोक्याकडे गेला, तेवढ्यात होडी तिच्याजवळ आली. बापाने हात पुढे केला.

"काढू नको गो बाय. चल, बंदराला फेरी मारू. सगल्यांना दिसूदे, राणी कोनाची हाय ती."